मधली रेघ

भिंगरी हे नाव आईनेच ठेवलं होतं. डावीकडचं काही उजव्या हाताने उचलायची वेळ आली की पोरगी हात पलीकडे न नेता जागच्या जागी गर्रकन वळायची. घरात सगळ्यांना त्याचं कोण कौतुक! सहावं सरलं तरी गिरकी सुटेना आणि एक दिवस शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. भिंगरी आडवी रेघ डाव्या हाताने ओढत कागदाच्या मध्यापर्यंत यायची, तिथे पेन्सिल उजव्या हाताकडे सोपवायची आणि मग उरलेली रेघ पुरी करायची. बाईंनी दाखवलेल्या प्रत्येक रेघेला मधोमध एक गाठ होती. आईला त्या नावाचीच लाज वाटू लागली.

बाईंनी सुचवलेल्या थेरपिस्टने समजावून सांगितलं, "अंगाच्या मधोमध वरून खाली एक रेघ आहे असं समजा. हात ती ओलांडून पलीकडे जातो तेव्हा मेंदूच्या दोन्ही बाजू मिळून काम करत असतात. बऱ्याच मुलांना या वयापर्यंत ते आपोआप जमतं. हिला मदत लागेल."

"किती दिवसांत जमेल?"

"ते नाही सांगता येणार."

आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. मोडकी फ्रेम आली की संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन जायची. 'नाही सांगता येणार' हे उत्तर तिच्या पचनी पडणं कठीणच होतं.

घरी तिने फरशीवर खडूने आडवा आठ काढला. त्या रस्त्यावरून एकाच हाताने खेळण्यातली मोटार फिरवायची, एवढाच खेळ. भिंगरी मोटार घेऊन मध्यापर्यंत यायची आणि ढुंगणावर सरकत पलीकडे जाऊन बसायची.

"सरकायचं नाही गं!"

"मोटारच सरकली, मी तिच्याबरोबर गेले."

बाबा पेपराआडून हसले. आईचं डोकं फिरलं. "तुम्ही हसा! उद्या हिला बुटाची नाडी बांधता आली नाही की तुम्हीच बांधत बसा."

"बांधीन की. त्यात काय एवढं?"

हे असं आठवडेच्या आठवडे चाललं. दुकानातून दमून यायचं, खडू काढायचा, घसा कोरडा करायचा आणि शेवटी फरशी पुसायची. एका संध्याकाळी आईचा धीर सुटला. तिने टॉवेलने भिंगरीचा डावा हात अंगाशी बांधून टाकला. "आता बघते, कशी हात बदलतेस!"

भिंगरी रडली नाही. तिने मोटारीला हातही लावला नाही. बांधलेल्या हाताकडे बघत हळूच म्हणाली, "आई, माझ्या या हाताने काय केलं?"

आईने घाईघाईने गाठ सोडली. त्या दिवशी दोघींनाही जेवण गेलं नाही. पुढच्या भेटीत आईने झाला प्रकार सांगून टाकला तेव्हा थेरपिस्ट रागावली नाही. "बांधून काही साधत नाही," एवढंच म्हणाली. "तिला लोळू द्या, रांगू द्या, मोठा चेंडू दोन्ही हातांनी फेकू द्या." आईला वाटलं, त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्याच भेटीहून परतताना बसमध्ये ते घडलं. भिंगरी खिडकीपाशी बसली होती. डाव्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर ओघळत होतं. डाव्या कानाशी माशी घोंघावायला लागली. वळायला जागा नव्हती आणि आइस्क्रीम सोडायची तर बातच नको. उजवा हात सरळ छातीवरून पलीकडे गेला, माशी हाकलून परत आला.

"गेला! हात गेला पलीकडे!" आई अशी काही ओरडली, की अख्खी बस वळून बघायला लागली. भिंगरी दचकली आणि आइस्क्रीम मांडीवर पडलं. त्यानंतर तिने जे भोकाड पसरलं ते घर येईपर्यंत.

दारातूनच आईने बाबांना हाक मारली. "इकडे या, बघा! भिंगरी, दाखव बरं, कानाशी हात कसा नेलास?"

भिंगरीने डाव्या हाताने डावा कान खाजवला.

"तो नाही! दुसऱ्या हाताने!"

भिंगरी गर्रकन वळली. कान काही वळून समोर येईना, तशी पुन्हा वळली. बाबांनी तोंड दाबून हसू आवरलं. आई पर्स टाकून स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना भांडी आपटत राहिली.

नंतरच्या काही महिन्यांत रेघेतली गाठ थोडी उजवीकडे सरकली. एखाद्या दिवशी रेघ सलगही यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. आई शेजारी बसून ओठ घट्ट मिटून बघत राहायची. असंच एकदा डाव्या हातातली पेन्सिल मध्यावर आली, जराशी पुढे गेली आणि थांबली.

"आई, तू श्वास का घेत नाहीयेस?"

"घेतेय! तू रेघ काढ!" आई खेकसली.

पेन्सिल दुसऱ्या हातात गेली.