बाजू बदलून

त्या दुपारी बाबा खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होते. बोटाला फडकं गुंडाळून, बारीक बारीक गोल फिरवत. ही लष्करातली सवय. कोर्ट सुटलं, राजकारण सुटलं, गुडघ्यांमुळे बाहेर पडणंही सुटलं, पण बूट चकचकीतच हवेत.

"कुठे दौरा?" मुलीने चहा ठेवत विचारलं.

"चहापर्यंत. तुझा चहा पाहता परत येईन याची खात्री नाही."

या घरात भांडणाची रीतच निराळी. वाद पेटला की बाबा बाजू बदलायला लावत: तिने त्यांची मांडायची, त्यांनी तिची. एकदा तिचा सिनेमाचा हट्ट त्यांनी असा काही मांडला होता की तिलाच स्वतःची दया आली. एक खटला मात्र तिने कधी उभाच राहू दिला नव्हता. ती शाळेत असताना खासदार असलेल्या बाबांनी सभागृहात युद्धाच्या बाजूने हात वर केला आणि थोड्याच दिवसांत राजीनामा देऊन, चाळिशी उलटलेली असताना, स्वतः भरती झाले. आईने तेव्हा अंथरूण धरलं होतं. ते अधिकारी होऊन परतले तोवर आई नव्हती.

"आज घ्यायचा का तो खटला?" बाबांनी बुटावरची नजर न काढता विचारलं.

"पुढची तारीख द्या, साहेब."

"अगं, साक्षीदार म्हातारा झालाय."

"वकीलही काही तरुण राहिली नाही," म्हणत ती रिकामा कप उचलून आत गेली.

सकाळी बाबा उठलेच नाहीत.

सगळं पार पडलं, नातलग पांगले, तेव्हा ती त्यांच्या खुर्चीत येऊन बसली. एक बूट चमकत होता. दुसऱ्यावर पॉलिशचा थर तसाच वाळला होता. तिने तो मांडीवर घेतला आणि पुसून लख्ख केला. मग उभी राहिली. बसून युक्तिवाद केलेला बाबांना खपत नसे.

"माझ्या अशिलांनी हात वर केला, म्हणून दुसऱ्यांची मुलं लढायला गेली. त्यांना पाठवून स्वतः घरी बसणं अशिलांना जमलं नाही. आजारी बायको आणि लहान मुलगी मागे ठेवताना त्यांचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. कारण कोणी विचारलंच नाही."

ती थांबली. आता तिची बाजू त्यांनी मांडायची होती. खुर्ची रिकामी होती, तेव्हा ती बाजूही तिनेच मांडली.

"तुमचं जाणं बरोबर होतं, बाबा. मला तुम्ही घरी हवे होतात."