हाइदोच्या वाट्याची कलेजी

त्या वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात हाइदो रोज एक खोटं बोलत होती, आणि त्याचं तिला तिळभरही वाईट वाटत नव्हतं. उलट त्यातून आपल्याला पुण्यच लागतंय अशी तिची पक्की समजूत होती.

खोटं अगदी साधं होतं. तिचा मुलगा झिसिस संध्याकाळी मेंढरं आत घेऊन आला की हात धुताधुता विचारायचा, "आई, कलेजी खाल्लीस?"

"खाल्ली रे बाबा. ताटली बघ की."

ताटली लख्ख असायची. ती कुणी लख्ख केली हे फक्त हाइदोला आणि कनेलाला ठाऊक होतं, आणि कनेला कुठे बोलणार नव्हती, कारण ती कुत्री होती.

हाइदोचं रक्त कमी झालं होतं. जिना चढताना धाप लागायची, ओठ पांढरेफटक पडले होते. आरोग्य केंद्रातला डॉक्टर म्हणाला, कलेजी खा, भरपूर खा. घरात कलेजीला तोटा नव्हता, कारण ईस्टरच्या बाजारासाठी कोकरं कापणं चालूच होतं. पण उपवासात मांस वर्ज्य, त्याचं काय? झिसिसने गावच्या पाद्रीबाबांना विचारलं. त्यांनी सांगितलं की आजारी माणसाला उपवास माफ असतो, देव काही खाटीक नाही. हाइदोने मान डोलावली. पाद्रीबाबा तिच्या डोळ्यांदेखत शेंबडे फिरलेले. त्यांनी माफ केलं म्हणून जन्मभर पाळलेला उपवास मोडायचा की काय? पोराचं मन राखायला ती कलेजी शिजवायची, आणि पोराची पाठ वळली की पदरासारखा एप्रन वर दुमडून त्यात तुकडे घ्यायची आणि मेंढवाड्यामागे जायची.

कनेला तिथे वाट बघत असायची.

दालचिनीच्या रंगाची, वासराएवढी थोराड कुत्री. झिसिसची मेंढरं ग्रीसमधल्या कालामास नदीच्या वरच्या अंगाला, ओकच्या रानात चरत, आणि त्या रानात लांडगे होते. बाकीची दोन कुत्री भुंकायच्या कामाची. लांडग्याच्या अंगावर जाणारी एकटी कनेला. ती होती म्हणून झिसिसला रात्री डोळा लागायचा, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मागच्या शरदात तिच्या डोळ्यांभोवतीचे केस गळाले. नखं वाढता वाढता वाकडी झाली आणि फरशीवर खटखट वाजायला लागली. एक दिवस नाकातून रक्त आलं. कालाजार! वाळूमाशी चावते आणि कुत्रं आतून झिजत जातं. नदीकाठच्या पोरासोरांनाही हे कळतं, आणि त्यावरचा उपायही कळतो. हाइदोच्या नवऱ्याने हयातभर तोच केला होता, एका काडतुसाचा. झिसिसने भिंतीवरची बंदूक काढली, कनेलाला घेऊन ओढ्याकडे गेला, आणि तासाभराने बंदूक आणि कुत्री दोन्ही घेऊन परत आला.

"बापावर नाही गेलास," हाइदो म्हणाली.

"नाही गेलो," तो म्हणाला, आणि त्याने कुठून कुठून चौकशी करून थेक्लाला शोधून काढलं.

थेक्ला थेसालोनिकीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात होती. शहरातल्या गादीवर लोळणाऱ्या कुत्र्यांचा कालाजार गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पण उघड्यावर राहणाऱ्या धनगरी कुत्र्यांचं काय, हा तिच्या संशोधनाचा विषय. आसपासच्या गावांतली बरीच कुत्री तिने त्यात घेतली होती. बुटांना चिखल, केसांत गवत, आणि गाडीत सुयांचे डबे घेऊन ती आली.

"माझा नवरा छाती धरून बसला तेव्हा या गावात डॉक्टर फिरकला नाही," हाइदो म्हणाली. "आणि कुत्रीसाठी थेट थेसालोनिकीहून!"

"मावशी, मला माणसांची भीती वाटते. ती फार बोलतात."

"माझा झिसिस बोलत नाही. तुझं लग्न झालंय का गं पोरी?"

"आई!" झिसिस कानापर्यंत लाल झाला. पंचेचाळिशीच्या धनगराला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि हाइदो कुठलीही संधी सोडायला तयार नव्हती.

थेक्लाने रक्त घेतलं, मानेखालच्या गाठीतून सुईने थेंबभर पाणी काढलं, गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. निघताना गाडीशी उभी राहून तिने झिसिसला बजावलं, "या गोळ्या चालू असताना कलेजी, गुर्दे, आतडी, असलं काही द्यायचं नाही. बिलकूल नाही."

झिसिस हसला. "डॉक्टरीणबाई, आमची कुत्री वाळका पाव खातात आणि चीज काढल्यावर उरलेलं पाणी पितात. कलेजी आमच्याकडे माणसं खातात."

ते खरंच होतं. त्या मुलखात कुत्र्याला कलेजी घालणारा माणूस वेड्यात काढला गेला असता. म्हणून थेक्ला निश्चिंत झाली, आणि झिसिसला ही गोष्ट आईला सांगावीशीसुद्धा वाटली नाही. लांडग्याला कोकरू देऊ नकोस, असं कुणी कुणाला सांगतं का? आणि हाइदोला विचारायचं, तर डॉक्टरलोक विचारतात ते घरच्या पुरुषाला. म्हातारीने कॉफी करावी आणि कप उचलावेत. मला हे आजही संतापजनक वाटतं, पण रीत तीच आहे.

फेब्रुवारीत थेक्ला पुन्हा आली. डोळ्यांभोवती लव फुटली होती, नखं सरळ झाली होती. ती खूश होती. हाइदो कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा तिने एवढंच ऐकलं, "सगळं छान आहे, फक्त रक्त अजून उतरलेलं आहे. येईल हळूहळू भरून."

हाइदो ट्रे धरून उभीच राहिली. रक्त उतरलंय! म्हणजे जे तिला तेच मला. आणि त्यावरचं औषध तर माझ्या फ्रीजमध्ये पडलंय.

उपवास सुरू झाला आणि तिचा हिशेब चोख बसला. उपवास मोडायला नको, पोराला दुखवायला नको, आणि कुत्रीच्या अंगात रक्त भरेल. एका दगडात तीन पक्षी. धनगरी कुत्रं परक्या हातचं घेत नाही, आणि कनेलाच्या लेखी हाइदो परकीच, कारण आजवर तिने कुत्रीला झाडूखेरीज काही दाखवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने लांबूनच तुकडे फेकले. मग जवळून. मग एका सकाळी कनेलाने ते जड डोकं तिच्या मांडीवर टेकवलं आणि हातातून तुकडा इतका हलकेच उचलला की हाइदोला दात लागलेसुद्धा नाहीत.

"खा बाई," ती म्हणाली. "तुझं माझं दुखणं एकच. मी म्हातारी आहे, माझं रक्त भरून कुणाला काय करायचंय? तुझ्यावर दोनशे जीव आहेत."

झिसिसला ताकास तूर लागू दिली नाही तिने. ती स्वतः उकडलेल्या भाज्यांवर राहिली, जिना चढताना मध्ये बसायला लागली, आणि कनेलाचं अंग चकाकायला लागलं. नाव गोळ्यांचं होतंय, काम माझं आहे, असं तिला मनातून वाटे. इतकी खुशीत ती नवरा गेल्यापासून नव्हती.

ईस्टर झाला. गावाने कोकरं भाजली, लाल अंडी फोडली. त्यानंतरच्या आठवड्यात कनेलाने पाव सोडला. मग पाणी प्यायची आणि ओकायची. मग पाठीची कमान करून मेंढवाड्याच्या भिंतीशी उभी राहिली, बसेना. मेंढरं तिच्याविनाच रानात गेली.

झिसिसने फोन केला, आणि थेक्ला घरचे पाहुणे टाकून आली.

कनेला कुणाला हात लावू देईना, झिसिसलाही दात दाखवले. हाइदो जवळ जाऊन खाली बसली तशी ती मुकाट तिच्या कुशीत शिरली.

"ही तुझ्याजवळ कधीपासून यायला लागली?" झिसिसने विचारलं.

"बायकांचं बायकांना कळतं," हाइदो म्हणाली.

थेक्लाने पोटावरचे केस भादरले, यंत्र फिरवलं, छोट्या पडद्याकडे बघत राहिली. पुन्हा फिरवलं. रक्त काढून गाडीतल्या मशीनमध्ये घातलं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"दोन्ही मूत्रपिंडांत खडे आहेत. गच्च भरलीत. काही उरलेलं नाही, झिसिस."

"ऑपरेशन?"

"एक बाजू असती तर केलं असतं." मग ती सावकाश म्हणाली, "काय खात होती ही? नीट आठवून सांग."

"पाव आणि पाणी. तुम्हाला सांगितलं होतं तेच."

"दुसरं काहीच नाही?"

"आईची शपथ. पाव आणि पाणी."

थेक्लाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मग हे गोळीनेच केलं. साध्या पावावर राहून जर खडे होत असतील तर मला सगळ्याच कुत्र्यांच्या गोळ्या बंद करायला हव्यात. आजच."

"आणि मग त्यांचा कालाजार?"

"उलटेल," असं म्हणून तिने फोन काढला.

हाइदोला खड्यांचं फारसं कळलं नाही. तिच्या कानात राहिलं ते पाव आणि पाणी. आजारी जिवाला या घरात पाव-पाण्यावर ठेवलं म्हणे! शहरातली बाई आता गावोगाव फोन करून हेच सांगणार. तिचं पित्त खवळलं.

"ए पोरी, थांब! ठेव तो फोन. हा झिसिस काय सांगतोय, याला काय माहीत? उपाशी नव्हती ठेवली आम्ही तिला. कलेजी घातली मी तिला, कलेजी! माझ्या वाट्याची. उपवासभर रोज, एक दिवस खाडा नाही. फ्रीजमधली संपली तर खाटकाकडून मागून आणली. माझ्या तोंडचा घास काढून घातलाय मी. आमच्या घरात आजाऱ्याला पावावर ठेवत नाहीत!"

थेक्लाचा फोन हातातच राहिला. ती दुधाच्या पालथ्या कॅनवर बसली. झिसिस आईकडे असा बघत होता की जणू तो तिला ओळखतच नव्हता.

"काय झालं?" हाइदोने विचारलं. दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "कमी पडली का?"

"आई," झिसिस म्हणाला.

"मावशी," थेक्ला म्हणाली, "तुमचा काही दोष नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि मी..."

"दोष मी विचारला नाही. कलेजीने झालं?"

थेक्ला खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण ती बोलली नाही. "गोळी चालू असली की कलेजीतलं काही शरीराला जिरवता येत नाही. त्याचे खडे होतात."

"आणि नुसता पाव खाल्ला असता तर?"

"जगली असती, बहुतेक."

"ते बहुतेक काढ."

थेक्लाने मान खाली घातली. "जगली असती, मावशी."

हाइदोने कनेलाच्या मानेवरचा हात काढून घेतला. आपला हात आता तिथे असू नये असं तिला वाटलं. कनेलाने मात्र डोकं पुढे सरकवून तो हात पुन्हा शोधला, नाकाने वर ढकलला, तळवा हुंगला. तिला भूक नव्हती, सवयच लागली होती. हाइदोने आपल्या आयुष्यात नवरा पुरला होता, एक तान्हं पुरलं होतं, पण आपल्या हाताची अशी किळस तिला कधी आली नव्हती.

इंजेक्शनच्या वेळी कुणीतरी धरायला हवं होतं. झिसिस पुढे झाला तर कनेला गुरगुरली. थेक्लाने हाइदोकडे बघितलं. तिला 'तुम्ही धरा' म्हणवत नव्हतं. शेवटी झिसिसच म्हणाला, "आई, तूच धर."

तिने धरलं. कनेलाने तिच्या कुशीत तोंड खुपसलं आणि सुई टोचली तरी ती हलली नाही, इतका तिचा विश्वास होता. मग तिचं अंग जड झालं, आणखी जड झालं. थेक्लाने छातीला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. हाइदो तरीही धरूनच बसली. सोडलं असतं तर संपलं असतं.

थेक्लाने खडे तपासायला मूत्रपिंडं मागितली आणि झिसिसने हो म्हटलं. फाटकाशी उभी राहून ती एकेका धनगराला फोन करत होती: गोळ्या बंद करू नका, कलेजी देऊ नका, आणि घरातल्या बायकांना बोलवा, मला त्यांच्याशी बोलायचंय. पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसलेलं अंगणात ऐकू आलं. थेक्ला हसली नाही. म्हणाली, "घालतात. प्रेमाने घालतात. बोलवा त्यांना."

झिसिसने कनेलाला ओकच्या रानाच्या कडेला पुरलं आणि दिवेलागणीला तो घरी आला. हाइदो अंधारातच बसली होती. तो ओरडेल, निदान एखादं भांडं आपटेल, म्हणून ती वाट बघत होती. तेवढं झालं असतं तरी तिला श्वास घेता आला असता. त्याने फ्रीज उघडला, उरलेली कलेजी काढली, तव्यावर टाकली, वर मीठ आणि लिंबू पिळलं. ताटली तिच्यासमोर ठेवून दिवा लावला. दिव्याच्या उजेडात त्याने तिच्याकडे बघितलं, आणि उपवासभर जे बघायचं राहून गेलं होतं ते त्याला दिसलं: खोल गेलेले गाल, पांढरे ओठ, बाहीतून लोंबणारी मनगटं.

"खा," तो म्हणाला.

"मला नको रे."

"डॉक्टरने सांगितलंय. आता उपवासही नाही."

"झिसिस, बाळा, मला नाही जाणार ती."

"मी बसतो समोर."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. तिने एक तुकडा उचलून तोंडात घातला. झिसिसच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्याची नजर तिच्या जबड्यावरच होती, ती चावतेय का, गिळतेय का. तिने गिळलं तेव्हा त्याने ताटली पुढे सरकवली.