‘स्विंग बॉईज’मधली ताहेरुन्निसा

कतारमधल्या मुऐदर भागातल्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माणसं असत. बाकीचे सहा दिवस ताहेरुन्निसा असायच्या.

मुलगा शफीक पहाटे पाचला स्टेडियमच्या साइटवर जाई. वर्ल्ड कपला अजून सहा वर्षं होती, पण कंत्राटदाराच्या मते तो परवावर आला होता. सून सलमा शाळेत शिकवायला, नात अनम बँकेत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला कतार म्हणजे एक एसी, एक खिडकी आणि समोरच्या व्हिलाची भिंत. त्या व्हिलातली मोलकरीण कपडे वाळत घालताना हात हलवायची. गेल्या रमझानपासून तीही दिसली नव्हती. दुपारी ताट घेऊन बसलं की ताहेरुन्निसा टीव्हीवरच्या बातमीदाराला “जेवलास काय?” म्हणून विचारायच्या. तो सभ्य होता, पण उत्तर देत नसे.

एका शुक्रवारी कतारमधल्याच अल गराफा भागातून संजीव आले. पुण्याचे इंजिनीअर, पूल बांधणारे. छंद मात्र निराळा. पन्नासच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत स्विंग आणि ब्लूज असं अमेरिकन संगीत वाजवणारे, ग्रामोफोनच्या तव्यांवर ध्वनिमुद्रित झालेले जे आपले वादक होते, त्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या आठवणी ते रेकॉर्ड करून ठेवत. तेवीस मुलाखती झाल्या होत्या. तेवीसही पुरुषांच्या. बायका त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हत्या असं नाही. चहाचे कप ठेवल्याचा आवाज येई.

चोविसावी मुलाखत मरहूम फजल यांच्याविषयी होती. फजल म्हणजे ताहेरुन्निसांचे यजमान, रत्नागिरीचे. लढाईच्या दिवसांत मुंबई बंदरात एका अमेरिकन शिपायाकडून सॅक्सोफोन शिकलेले. बाप कलावंत होता याचा शफीकला अभिमान होता. प्रश्न आईला विचारले जात होते आणि उत्तरं तो देत होता, म्हणजे काम झपाट्याने चाललं होतं.

मग संजीव यांनी एका संग्राहकाकडून मिळवलेलं गाणं फोनवर लावलं. सन एक्कावन्न. लेबलावर ‘फजल आणि त्याचे स्विंग बॉईज’. चाल ब्लूजची, शब्द कोकणातले, बोटीची वाट पाहणारे. सॅक्सोफोन थांबला आणि एका मुलीचा आवाज उठला. धीट, थोडा खरखरीत.

ही कोण, असं संजीव यांनी शफीकला विचारलं. असेल कुणी स्टुडिओतली, शफीक म्हणाला.

“तो आवाज माजा हाय,” ताहेरुन्निसा म्हणाल्या.

शफीक अठ्ठावन्न वर्षांचा होता. आईला त्याने कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.

पुढची एक्केचाळीस मिनिटं त्या बोलल्या. सतरा वर्षांच्या होत्या. माइकपर्यंत तोंड पोचेना म्हणून पायाखाली साबणाचं खोकं दिलं होतं. फजलनी स्वतः गाणं शिकवलं, स्वतः गाऊन घेतलं, आवाजावर भाळून स्वतः मागणी घातली, आणि निकाहाआधी एकच अट सांगितली: गाण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. स्वतः मात्र ते साठीपर्यंत वाजवत राहिले. रेडिओवर ते गाणं लागलं की एकदा बायकोकडे बघायचे, मग उठून रेडिओ बंद करायचे. वाईट नव्हता माणूस, असंही त्यांनी सांगितलं. आपल्याकडे बाईच्या गळ्यावर कुलूप घालणारी माणसं बहुधा वाईट नसतातच. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

शफीकने संजीवना पॅसेजमध्ये नेलं. “संजीवभाई, किस्सा ठेवा, नाव काढून टाका. अनमला रायगडकडचं स्थळ आलंय. दादी हॉटेलात गायची असं कळलं तर खलास.”

संजीव सुधारक विचारांचे होते. त्यांना पटायला चार मिनिटं लागली. धर्म, जात, पगार यांत कशातच न जुळणारे ते दोन पुरुष या एका मुद्द्यावर सख्खे भाऊ झाले.

पुढच्या शुक्रवारी संजीव संमतीपत्र घेऊन आले. सगळे बसले होते. ताहेरुन्निसांनी कागद वाचून दाखवायला सांगितला. ‘कोकणातील एक महिला’ इथे त्यांनी हात वर केला.

“बिननावाचा आवाज पासष्ट वर्षा बाजारात हाय. त्याला तू कशाला हवास?”

संजीव म्हणाले, आजी, निदान गोष्ट तरी लोकांपर्यंत जाईल.

“गोष्ट नको. माजा नाव लिव. नायतर पुसून टाक.”

“अम्मा,” शफीक खालच्या आवाजात म्हणाला, “अनमचा तरी विचार कर.”

“तिचाच करतंय.”

अनमने मान वर केली. तिला मराठी सगळं समजायचं. “पापा, इट्स जस्ट अ नेम,” ती म्हणाली, आणि बाप तिच्याकडे बघू लागल्यावर फोनमध्ये गेली. सलमाने चहा आणते म्हटलं.

संजीव यांनी पेन काढलं. कागदावर टेकवलं. मग घरच्या कर्त्या पुरुषाकडे पाहिलं, आणि पेन परत खिशाला लावलं.

ताहेरुन्निसांनी मुलाखत रेकॉर्ड केलेला संजीवचा फोन मागितला. कुठे दाबायचं ते विचारून घेतलं. नक्की पुसायचं का, असं फोनने एकदा विचारलं. खोलीत विचारणारा तेवढा एक फोनच होता. त्यांनी दाबलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मार्चमध्ये कतारमधल्या मराठी मंडळात संजीवच्या संग्रहावरचा कार्यक्रम थाटात झाला. ताहेरुन्निसा आल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणाल्या. पडद्यावर फजलचा फोटो आला, गाणं लागलं, तीनशे माणसांनी ताल धरला. निवेदिकेने सांगितलं, गायिका अज्ञात. सभागृहात चौघांना नाव माहीत होतं: शफीक, सलमा, अनम आणि पडद्यामागे उभे असलेले संजीव. चौघांनीही टाळ्या वाजवल्या.

नाव माहीत असलेले पाचवे तुम्ही.