अकरा दिवस आधी

सरांकडे पीएचडी करायची म्हणजे आधी सरांची देण्याघेण्याची रीत समजून घ्यावी लागे. त्यांनी कुणाला दहा मिनिटं दिली, तर ते उपकार जन्मभर मोजले जात. विद्यार्थ्याने दिलेली वर्षं मात्र 'शिकायला मिळालं ना' एवढ्यावर फिटत.

तिने सहा दिली होती. विषय राखेचा. सिमेंट कमी करून त्याजागी वीजकेंद्रातली राख घातली, तर ते काँक्रीट सुरुवातीला रेंगाळतं, पण वर्षअखेरीस साध्या काँक्रीटला मागे टाकतं, असं तिचं म्हणणं. सहा महिन्यांच्या चाचणीत ते अजून जरासं मागेच होतं. आता सगळा प्रबंध नऊ क्यूबवर, म्हणजे त्या काँक्रीटच्या नऊ ठोकळ्यांवर, येऊन थांबला होता. प्रयोगशाळेच्या टाकीत ते पाण्याखाली बसून होते. ओतल्यापासून तीनशे पासष्टाव्या दिवशी काढायचे, मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि आकडा लिहायचा. फुटलेला क्यूब काही दुसऱ्यांदा फुटत नाही.

तीनशे चोपन्नाव्या दिवशी विद्यापीठाला श्रेणी देणारी समिती आली. सरांनी तिला वरच्या मजल्यावर फायलींना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. खालून 'धाड' असा आवाज आला. काँक्रीट फुटल्याचा. कुणाचं तरी काम आज मार्गी लागलं, असं तिच्या मनात आलं. नवव्या आवाजापर्यंत ती चिठ्ठ्याच चिकटवत होती.

दुपारी ती खाली गेली, तर प्रयोगशाळा सांभाळणारे मामा खडी झाडत होते.

"मामा, टाकी रिकामी कशी?"

"साहेबांनी काढायला लावले. समितीला मशीन चालू दाखवायची होती." मामांनी मान वर केली नाही. "म्हटलं, ताईंचे आहेत. तर म्हणाले, ताई कुणाची? माझीच विद्यार्थिनी ना!"

"सगळे नऊ?"

"अध्यक्षांना आवाज आवडला हो. दरवेळी दचकायचे आणि हसायचे. अजून एक, अजून एक करत संपले."

"आकडे तरी लिहिले का कुणी?"

"लिहिणार कोण, ताई? सगळ्यांचे हात टाळ्यांत."

सर खोलीत खुशीत होते. "प्रयोगशाळेला पैकीच्या पैकी! तुझाही हातभार आहे बरं का त्यात."

"सर, वर्षाचे क्यूब होते ते."

"अगं, आलेखात सहा महिन्यांपर्यंतची रेघ आहे ना? तीच पुढे ओढ."

"ती पुढे कुठे जाते, तेच तर शोधत होते, सर."

सरांच्या कपाळावर आठी चढली. "मग मुदतवाढ घे. नवे क्यूब टाक. मी सही देतो."

अर्जात कारणाचा रकाना होता. तिने खरं ते लिहिलं: समितीला प्रात्यक्षिक दाखवताना नमुने फोडले गेले. सरांनी वाचलं आणि उघडलेलं पेन बंद केलं.

"हे वर गेलं की नसती चौकशी लागेल. कौटुंबिक अडचण लिही. बाईमाणसाला त्यावर कुणी उलटून विचारत नाही."

सहीशिवाय वर्ष नव्हतं, वर्षाशिवाय क्यूब नव्हते. तिने कोरा अर्ज मागून घेतला.

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र घरी आलं. घर दादा-वहिनीचं, वडीलही तिथेच. मागच्या वर्षी ते दोन महिने दवाखान्यात होते, तेव्हा वहिनीने स्वतःच्या नोकरीतली होती-नव्हती ती रजा संपवली, पण नणंदेला एक दिवस घरी थांबू दिलं नाही. "तुझे ते ठोकळे सांभाळ तू, इथलं मी बघते," म्हणायची.

पत्र वहिनीच्याच हाती पडलं.

"कौटुंबिक अडचण," तिने मोठ्याने वाचलं. "कोण गं? बाबा की मी?"

"वहिनी, ते नुसतं लिहायचं असतं. सर म्हणाले..."

"त्यांचा शेराही आहे की इथे खाली." वहिनीने पत्र जरा लांब धरलं. "विद्यार्थिनीच्या घरच्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा."

वहिनीने पत्राची होती तशी घडी घातली आणि तिच्यापुढे ठेवली.

"किती समजून घेतात नाही तुझे सर," ती म्हणाली, आणि बाबांच्या गोळ्या काढायला आत गेली.