उरलेले पंधरा टक्के

मी सायकल बोलतेय. पण आधीच सांगून टाकते, ज्या दिवशी मी या घरात आले त्या दिवशी मी पुरती सायकल नव्हते. माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'पंच्याऐंशी टक्के जोडलेली'. राहिलेले पंधरा टक्के घरच्या घरी अर्ध्या तासात जोडा, असं कारखानेवाल्यांचं म्हणणं. त्यांनी आमचा रामचंद्र पाहिलेला नव्हता.

जन्म माझा पंजाबातला. तिथली हवा कोरडी. नळ्या जोडल्या, निळा रंग चढवला, मग पुढचं चाक काढून पोटाशी बांधलं, हँडल वाकडं करून कडेला खोचलं आणि पायडलं, नट-बोल्ट, एक पाना पिशवीत घालून मला खोक्यात बंद केलं. कधी उताणी, कधी कुशीवर, असा प्रवास करत मी अलिबागला आले आणि तिथून टेंपोने रेवसच्या अलीकडे, खाडीकाठच्या या गावात. खोकं उघडलं तेव्हा नाकात पहिला शिरला तो खारा वारा. मनात म्हटलं, संपलं, आता आपलं काही खरं नाही.

घरात माणसं चार, पण हजर तीन. रामचंद्र सत्तरीला टेकलेला. उभा जन्म मिठागरावर गेला. मिठागर बंद पडून दहा वर्षं झाली, तरी पावलं अजून चिखल तुडवल्यासारखीच टाकतो. त्याची बायको जनी, घरातला चालता-बोलता कारभार. मुलगा केतन उरणच्या बंदरातून ट्रेलर नेतो-आणतो. पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो आणि आला की दोन दिवस झोपतो. आणि त्याची बायको प्राप्ती, रोह्याकडच्या भातवाल्या गावातली, लग्न होऊन आठ महिने झालेली.

मी आले ती प्राप्तीसाठी. रेवस बंदरात लॉन्चच्या तिकीटखिडकीवर तिला काम मिळालं होतं. सोमवारी सकाळी सहाला खिडकी उघडायची. ठेकेदाराने बजावलं होतं, पहिल्याच दिवशी उशीर झाला तर यादीतल्या दुसऱ्या मुलीला बोलावीन. घरापासून बंदर सात किलोमीटर. गावातून पहिली मिनीडोर रिक्षा सुटते साडेसातला, मोटारसायकल केतनबरोबर उरणला. शाळेत असताना प्राप्ती रोज सायकलने जायची, म्हणून तिने मला मागवलं. मी पोचले शनिवारी संध्याकाळी. म्हणजे मला जोडायला हाती उरला एक रविवार.

"माणूस-बिणूस कोन बोलवू नका," रामचंद्रने सकाळीच जाहीर केलं. "सायकल मी जोडतू."

पडवीत गोणपाट अंथरलं. प्राप्तीने खोक्यातून माहितीचा कागद काढला. रामचंद्रने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कागूद वाचून मीठ पिकतं काय?" म्हणाला आणि पाना उचलला.

आता या घरची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. सासरा आणि सून एकमेकांशी सरळ बोलत नसत. भांडण नव्हतं, बरं का! तिच्याबद्दल त्याला कौतुक होतं, तिला त्याच्याबद्दल आदर होता. पण बोलणं सगळं जनीच्या मार्फत. तिघं एकाच पडवीत, हाताच्या अंतरावर बसलेली असली तरी. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल.

डावं पायडल बसेना तेव्हा मला खरं काय ते कळलं. रामचंद्र आपला नेहमीच्या दिशेने पिळतोय, पिळतोय, आटे काही धरत नाहीत. शेवटी त्याने हातोडा मागवला.

"आई," प्राप्ती कागदात बघत हळूच म्हणाली, "बाबांना सांगा, डावं पायडल उलटं फिरवायचं असतं."

"अवो, ती म्हनते उलटं फिरवा."

"तिला सांग, मना ठावं हाय," रामचंद्र म्हणाला, आणि त्याने ते उलटं फिरवलं. पायडल सुरसुर आत गेलं. जनी पदराआड हसली हे मी पाहिलं.

दुपारपर्यंत चाक बसलं, हँडल सरळ झालं, सीट चढली. ब्रेकच्या तारा ओढल्या. सगळं होऊन गोणपाटावर एक वायसर उरला. रुपयाएवढा, चकचकीत. रामचंद्रने एकेक नट पुन्हा तपासला. कुठेच जागा रिकामी नव्हती. वायसर त्याने चुन्याच्या डबीत टाकला, पण त्याची नजर काही माझ्यावरून हलेना.

जेवणं झाली आणि जनी शेजारच्या आळीतल्या लग्नघरी हळदीचं वाटण वाटायला गेली. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

रामचंद्रने मागच्या पडवीतून एक डबा आणला. केतनच्या ट्रेलरचं जळकं ऑइल, काळंकुट्ट. खाऱ्या वाऱ्याने त्याची पहिली सायकल पाच वर्षांत खाल्ली होती. भर रस्त्यात कॅरिअर तुटून मिठाची गोण खाली आली होती, ते तो अजून विसरलेला नाही. मिठागरावरचं पावडं असो, पंपाचा दांडा असो, लोखंड म्हटलं की त्याला तेल पाजायचं, हा त्याचा धर्म. फडकं बुडवून त्याने मला माखायला घेतलं. दांडा, चिमटा, साखळी, स्पोक. नवरीला हळद लावावी तशी माया होती त्या हातात, खोटं कशाला बोलू. इथवर मला बरंच वाटत होतं.

मग त्याने रिमला तेल लावलं. दोन्ही बाजूंनी, दोन्ही चाकांना. वर ब्रेकच्या रबरांनाही.

प्राप्तीच्या हातात कागद होता. त्यावर लिहिलेलं होतं, 'रिम व ब्रेकच्या रबराला तेल लावू नये.' तिने ते वाचलं. तोंड उघडलं. दाराकडे पाहिलं. जनी नव्हती. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मी मनात ओरडत होते, अगं बोल की! पण आठ महिन्यांची सवय, आणि म्हातारा इतक्या प्रेमाने पुसत होता. ती गप्प राहिली.

"पयली फेरी मी मारनार," रामचंद्र भिंतीकडे बघत म्हणाला. ऐकायला तिथे सून सोडून दुसरं कोणी नव्हतंच. "पोरीला देयाच्या आधी बघाया नको?"

घरासमोरून रस्ता खाडीच्या बांधावर चढतो आणि पलीकडे उघाडीशी, भरतीचं पाणी अडवायच्या दारांशी, उतरतो. चढ त्याने ऐटीत मारला. माथ्यावर घंटी वाजवली. उतार लागला. त्याने ब्रेक दाबला. रबरं रिमवरून सुळकन घसरली. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. मी आणखीच वेग घेतला. माझं काय चुकलं, सांगा! उघाडीपाशी रस्ता वळला, आम्ही दोघं वळलो नाही.

खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून थांबलो. तिथे रामचंद्रचा मिठागरावरचा जुना सोबती बुधाजी पाग टाकत उभा होता. जाळं तसंच हातात धरून तो म्हणाला, "रामा, मिठागर बंद झालं ना रं? मग चिखलात कशाला उतरलास?"

एरवी रामचंद्रने दोन शिव्या हासडल्या असत्या. या वेळी त्याने नुसतं मला हँडलला धरून उभं केलं. त्याचं ढोपर खरचटलं होतं, पण चेहरा त्यासाठी पडलेला नव्हता. धावत आलेल्या प्राप्तीकडे त्याने पाहिलं, आणि मला कळलं की त्याच्या डोळ्यांपुढे उद्या पहाटे याच उतारावर असलेली ती होती.

त्याने मला ओढत घरी आणलं आणि पडवीच्या खांबाला टेकवलं. "ही सायकल धडाची नाय," खांबाकडेच बघत म्हणाला. "तो वायसर उरला तवाच मना शंका आली. उद्या हिच्यावर नाय जायाचं. कामाला नाय म्हनून कलव."

जनी अजून आली नव्हती. प्राप्ती उंबऱ्याशी उभी होती. कागद तिच्या मुठीत चुरगळला होता. नोकरी जाणार, हे तिला दिसत होतं. पण तिला रडू आलं ते त्याच्या ढोपरावरचं रक्त बघून.

"बाबा," ती म्हणाली.

रामचंद्रने मान वर केली. सुनेने त्याला सरळ हाक मारायची ही पहिली वेळ.

"बाबा, वायसर नाही. तेल. रिमला तेल लागलं की ब्रेक धरत नाही. कागदावर लिहिलंय. मी वाचलं होतं, तुम्ही लावत होता तेव्हाच वाचलं होतं. आई नव्हत्या, म्हणून मी बोलले नाही. तुम्हाला काही झालं असतं तर..."

मग रामचंद्रने कपाळावर हात मारला. "अगं पोरी, मग बोलायचं ना! मी काय वाघ हाय? आनि चूक तुजी नाय, माजी हाय. उभा जन्म लोखंडाला तेल पाजलू, कुठं पाजायचं नाय ते शिकलूच नाय." आणि लगेच, जरा ओरडूनच, "राख आन! काथ्या आन! आनि त्यो कागूद वाच, पयल्या वलीपासून!"

मग माझी अशी घासपूस झाली की विचारू नका. ती वाचत होती, तो ऐकत होता. रिम राखेने आणि साबणाने घासल्या, दोनदा, तीनदा. एका चाकाला तो, एका चाकाला ती. ब्रेकची रबरं काढून विहिरीच्या कठड्याच्या दगडावर घासली. जनी हळदीवरून परतली तर दोघं काळ्या हातांनी समोरासमोर बसून वाद घालत होती, तार किती ओढायची यावर. ती दारातच थबकली.

"काय म्हनतात हे?" तिने सुनेला सवयीने विचारलं.

"मना इचार की," रामचंद्र म्हणाला.

उन्हं कलायच्या आत पुन्हा उतारावर गेलो. या वेळी प्राप्ती माझ्यावर होती आणि रामचंद्र खाली उघाडीपाशी दोन्ही हात पसरून उभा. वाचवणार म्हणे! सत्तर वर्षांचा, लंगडणारा. मी सुटले. तिने ब्रेक दाबला. रबराने रिम धरली, कचकचून धरली, आणि मी त्याच्या पोटापासून वीतभर अलीकडे थांबले. मागे चिखलातून बुधाजी ओरडला, "रामा, ही बरी थांबते रं!" रामचंद्रने पसरलेले हात खाली घेतले आणि एक हात, जरासा अवघडत, तिच्या डोक्यावर ठेवला.

सोमवारी सहाला पाच कमी असताना रेवसच्या खिडकीची फळी उघडली. पहिलं तिकीट कोणाला दिलं, ते तिला आठवत नाही. मला आठवतं. मासळीच्या पाट्या घेऊन मुंबईला निघालेल्या एका मावशीला.

आता या गोष्टीला दोन वर्षं होतील. माझी घंटी गंजली, सीट फाटली, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलीय. बंदरात दिवसभर उभी राहून मी माणसं बघते. लॉन्च चुकलेला माणूस घड्याळाकडे रागाने बघतो, चूक घड्याळाची असल्यासारखा. ओळख नसताना माझ्या हँडलला पिशव्या लटकवतात. पोरं जाता-जाता घंटी वाजवतात. मला आवडतं ते.

पण माझा दिवस रविवारचा. रामचंद्र मला पडवीत उलटी उभी करतो, चाकं वर. तेलाचं फडकं त्याच्या हातात, राखेचं तिच्या. "रिम तू बघ," तो दर वेळी म्हणतो, "मी हात लावनार नाय." आणि मग गप्पा. तो सांगतो, पायांनी तुडवून मिठाचा वाफा कसा घट्ट करायचे, पुनवेच्या भरतीचं पाणी कसं घ्यायचे. ती सांगते, लॉन्चमध्ये कोणाला ओकारी झाली, कोण फुकट जायला बघत होतं. केतनलासुद्धा ठाऊक नसलेल्या गोष्टी तो तिला सांगतो. जनी आतून कुरकुरते, "आता मना कोन इचारतंय या घरात!" आणि तिघांसाठी चहा टाकते.

चहा झाला की रामचंद्र चुन्याची डबी उघडतो. वायसर काढतो. एकेका नटाशी लावून बघतो.

"यो कुठला असंल गं?"

"बघू या, बाबा. पुढच्या रविवारी नीट बघू या."

आता एक गुपित. असेच आठ-दहा रविवार गेल्यावर प्राप्तीने तो कागद पुन्हा काढला होता, वायसरची जागा शोधून द्यायची म्हणून. तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, एक ओळ होती: 'सुट्या सामानात एक वायसर जादा दिलेला आहे.' तिने ती वाचली. तोंड उघडलं. पडवीत रामचंद्र डोळे बारीक करून माझ्या चाकात वाकला होता. तिने कागदाची घडी घातली आणि कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवून दिली.

म्हणून माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी रेवसला आलात आणि खाडीकाठच्या पडवीत एक म्हातारा निळ्या सायकलपाशी वायसर हातात घेऊन बसलेला दिसला, तर थांबा. चहा घ्या. तो वायसर तुमच्या हातात देईलच. उलटापालटा करून नीट बघा, मान हलवा आणि म्हणा, "कुठला असेल, काही कळत नाही बुवा."