टोपीखालची पृथ्वी

मित्रांनो, मी पृथ्वीचा एक जुना गोल आहे. तुम्ही मला ओळखलं नसतंत, कारण कित्येक वर्षं माझ्या डोक्यावर टोपी होती!

माझा जन्म कारखान्यातला. पुठ्ठ्याच्या चेंडूवर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून एका बाईंनी अंगठ्याने माझ्या सुरकुत्या घालवल्या. मग एका शिंप्याने मला लेकीसाठी घरी आणलं. काय कौतुक होतं माझं तेव्हा! ती मला गरगर फिरवायची, डोळे मिटून बोट टेकवायची आणि म्हणायची, "बाबा, मी इथे जाणार." बोट बहुतेक वेळा समुद्रातच पडायचं.

लेक मोठी झाली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. शिंपीबाबा माझ्यावर टोप्या बेतू लागले. मला फार वाईट वाटायचं. पण सांगणार कुणाला?

मग जावयाला दूरदेशी नोकरी लागली. तो पुढे गेला आणि एका सकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन विमानात बसली. एकटी, पहिल्यांदाच. बाबांनी आदल्या दिवशीच भिंतीवरच्या नकाशावर टेप लावून दोन विमानतळांमध्ये पेन्सिलीने सरळ रेघ मारली होती. "एवढं अंतर तेरा तासांत? काहीतरी गडबड आहे," असं त्यांचं सारखं चाललं होतं.

दुपारी त्यांनी मोबाइलवर विमान कुठे आहे ते पाहिलं आणि त्यांच्या हातातली कात्रीच गळून पडली. विमान रेघ सोडून उत्तरेला, थेट बर्फाकडे निघालं होतं.

"अगं, विमान रस्ता चुकलंय! बाळ आहे गं तिच्याजवळ!"

लेकीच्या आई धावत आल्या. काय करावं सुचेना. इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी स्टूल ओढलं, मला खाली घेतलं, टोपी काढली आणि ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दोन्ही विमानतळांवर त्यांनी टाचण्या टोचल्या, मध्ये दोरा बांधला. "आता ओढा ताठ." नकाशावरची पेन्सिलीची रेघ ज्या देशांवरून जात होती, त्यांच्यावरूनच बाबांनी माझ्यावर दोरा नेला होता, पण ओढताच तो घसरत वर गेला आणि बर्फावर जाऊन बसला. विमान चाललं होतं अगदी तिथेच! बाबांनी माझ्यावरच टेप लावून दोन्ही वाटा मोजल्या. पेन्सिलीची वाट कितीतरी लांब निघाली.

"म्हणजे हाच जवळचा रस्ता?" बाबांनी पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

"जन्मभर गोल पोटांची मापं घेतलीत आणि पृथ्वी तेवढी सपाट धरलीत होय?" आई डोळे पुसत हसल्या.

लेकीचा फोन आला तेव्हा दोघेही माझ्याजवळच बसले होते. "बाबा, पोहोचलो! बाळ छान झोपलं. खिडकीतून नुसता बर्फ दिसत होता!"

"माहितीये, माहितीये," बाबा ऐटीत म्हणाले. "तोच तर जवळचा रस्ता."

आता मी शिलाई मशीनशेजारी असतो. टोप्या पातेल्यावर बेतल्या जातात. दोरा मात्र कुणी काढलेला नाही. बाबा काम थांबवून त्यावरून हळूच बोट फिरवतात.

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्याही घरी धूळ खात पडला असेल. त्याला खाली काढा, पुसा, फिरवा. आपलं माणूस दूर गेलं की सपाट कागदावर ते उगाच जास्त दूर दिसतं हो.