दीड मिलिमीटर

२०१७चा सप्टेंबर. बाभुळगाव तालुक्यातल्या एका शाळेत नेत्रशिबिर होतं आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो घेणारा कॅमेरा चालवणारी मी एकटीच होते. खिडक्यांना सतरंज्या बांधून वर्ग अंधारा केला होता, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला होता.

अकरा जणांचे फोटो स्वच्छ निघाले. बाराव्या इंदूबाई. अंधारात दहा मिनिटं बसवून मग त्यांना पुढे घेतलं. हनुवटीची पट्टी त्यांच्या उंचीला खाली केली, हिरव्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. फोटो काळा आला. दुसराही काळाच.

"इंदूबाई, डोळा मोठा करा. मिटू नका."

"मी त उघडाच ठेवून राह्यली. मले काहून रागावता? तुमच्या मशीनले सांगा."

दारातल्या बाया हसल्या. मी भिंग पुसलं, फ्लॅश वाढवला. चौथाही फोटो काळा.

शिबिराचे व्यवस्थापक पुंडलिकराव मागे येऊन उभे राहिले. "यादीतून कारण निवडा ना मॅडम, 'रुग्णाने सहकार्य केले नाही'. चाळीस लोक बसले आहेत बाहेर."

माझं बोट त्या ओळीवर गेलंही होतं. तेवढ्यात कॅमेऱ्याचा कपाळ टेकवायचा पट्टा हाताला ओला लागला. इंदूबाईंना दरदरून घाम फुटला होता आणि त्या पदराने सारखी लाळ टिपत होत्या.

"फवारणीला जाता का?"

"चार दिस झाले. यंदा कापसाची पराटी डोक्याच्या वर गेली, फवारा आपल्याच तोंडावर येते. कालपासून दिवसाच अंधारल्यावानी दिसते. म्हनून त आली."

मी स्क्रीनकडे पाहिलं. डोळ्याची बाहुली तिथे पहिल्यापासून दिसत होती. मी ती फक्त मध्यभागी आणत बसले होते. मोजली. दीड मिलिमीटर. इतक्या अंधारात ती निदान पाच तरी व्हायला हवी. फवारणीच्या औषधाच्या विषाने ती आवळली होती, आत उजेडच जात नव्हता. यंत्राने हे चार वेळा सांगितलं आणि मी बाईला दटावत राहिले.

"यांना आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. जीप द्या."

"जीप साहेबांना आणायला ठेवली आहे. आणि आपण डोळे तपासायला आलो, फवारणीचं कायले काढता? कालच्या गावातही दोघांनी असेच नखरे केले. तेव्हा तुम्हीच निवडलं ना ते कारण?"

निवडलं होतं. भीमसिंग आणि सुखीबाई. दोघांच्या नावापुढे मीच ती ओळ टाकली होती.

मी कॅमेऱ्याचं बटण बंद केलं.

"हे काय करता?"

"सहकार्य करत नाही. तसं लिहा माझ्या नावापुढे. जीप निघाल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही, आणि ती इंदूबाईंना दवाखान्यात पोचवून कालच्या गावात जाईल."

पुंडलिकराव बाहेरच्या चाळीस लोकांकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. कालच्या छापील यादीत त्या दोन नावांपुढची ओळ खोडून तिथे 'फवारणी, तातडीने तपासणे' असं लिहिलं आणि तो कागद ड्रायव्हरकडे दिला. जीपमध्ये चढताना इंदूबाईंनी माझा हात धरला.

"पोरी, फोटो त निंगालाच नाही माहा."

"निघाला, काकू," मी म्हटलं. "मलाच वाचता आला नाही."